पोर्ट्रेट फोटोसाठी येण्याआधी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरातल्या आमच्या स्टुडिओत फोन वाजला की पहिला प्रश्न दराचा आणि दुसरा ‘काय घालून येऊ?’ हा ठरलेला. दुसऱ्या प्रश्नाला आम्ही उलट प्रश्न विचारतो, त्यानं काही जण बुचकळ्यात पडतात. म्हणून नेहमीच्या शंका इथं एकदाच्या लिहून ठेवल्या. सगळं वाचायला सवड नसेल तर आपल्या कामापुरतं शोधा, पण पहिलं उत्तर वाचूनच या.

बुकिंग करताना ‘हा फोटो कोण बघणार?’ असं का विचारता?

बाकीचं सगळं त्यावर ठरतं म्हणून. फोटो कंपनीच्या वेबसाइटवर जाणार असेल तर बघणारा अनोळखी असतो आणि मोबाइलवर नखाएवढ्या गोलात तुमचा चेहरा बघतो. तिथं खांद्याच्या वरचं तेवढं कामाचं. स्थळासाठी असेल तर अख्खं घर बघतं: मुलगा चेहरा बघतो, त्याची आई उंची बघते, मावशी साडी बघते. फ्लेक्सवर जाणार असेल तर बघणारा दुचाकीवरून निघालेला असतो. आणि घरात भिंतीवर लावायचा असेल तर बघणारी तुमचीच माणसं, रोज, वर्षानुवर्षं.

एक चार्टर्ड अकाउंटंट आमच्याकडे थ्री-पीस सूट घालून आले होते. फोटो झकास आला. त्यांचे बहुतेक अशील गुळाचे व्यापारी. पंधरा दिवसांनी साहेब हसत परत आले. म्हणाले, “सगळे विचारतात, कुणाच्या लग्नातला फोटो?” मग साधा फिकट निळा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हात टेबलावर. तोच फोटो आज त्यांच्या ऑफिसच्या पाटीवर आहे. सूटमध्ये काही खोट नव्हती, बघणारे वेगळे होते.

कपडे कोणते आणि किती जोड आणू?

दोन जोड. तीन आणलेत तरी चालतील, सात नको. सात जोड आणणाऱ्याचा निम्मा वेळ पडद्यामागं जातो आणि शेवटी पहिल्याच शर्टातला फोटो निवडला जातो.

एकरंगी आणि मध्यम गडद कपडे सगळ्यांना शोभतात: निळा, बाटली हिरवा, मरून, राखाडी. बारीक रेघांचा किंवा बारीक चौकड्यांचा शर्ट मात्र घरीच ठेवा. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर प्रकाश टिपणाऱ्या ठिपक्यांची जाळी असते. शर्टाच्या रेघा आणि ती जाळी एकमेकींत अडकल्या की कापडावर पाण्यासारख्या लाटा उमटतात. याला मॉयरे म्हणतात. ते काढायला बसलं की संध्याकाळ जाते आणि तरी कुठंतरी खूण राहतेच. भडक पोपटी, भडक केशरी रंगांचं दुखणं वेगळं: फ्लॅशचा उजेड कापडावरून उसळून हनुवटीखाली जातो आणि गळा हिरवट नाहीतर केशरी दिसतो.

नवा शर्ट घालणार असाल तर एकदा धुऊन घाला. दुकानातून आणून पुठ्ठा आणि टाचण्या काढून तसाच चढवला की छातीवर घडीची फुली दिसते, ती आमच्या इस्त्रीनंही पटकन जात नाही. पांढऱ्या पातळ शर्टाखाली बनियनच्या कडा दिसतात. बिनबाह्यांचा असेल तर खांद्यावर, बाह्यांचा असेल तर दंडावर. घरी उजेडात उभं राहून कुणाला तरी बघायला सांगा. कपडे इस्त्री करून हँगरवर आणा. गाडीच्या डिकीत कोंबून आणलेला ब्लेझर ब्लेझर दिसत नाही.

आणि घालून जरा बसून बघा. उभं असताना नीट असलेला कोट बसल्यावर पोटावर ताणला, तर बटण उघडं ठेवायचं की फोटो उभ्यानं काढायचा, ते आधीच ठरतं.

साडी नेसून फोटो काढायचा आहे. काही विशेष?

आहे. पहिली गोष्ट वेळेची. सहावारी घरून नेसून येता येते, पण रिक्षातून उतरेपर्यंत निऱ्यांचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. नऊवारी असेल तर इथंच नेसा आणि त्यासाठी वेगळा पाऊण-एक तास धरा. नेसवायला कोणी येणार असेल तर त्यांनाही तीच वेळ सांगा.

पैठणीची जर आरशासारखी वागते. पदर उजेडाच्या बाजूला सपाट आला की मोर दिसत नाहीत, नुसता पांढरा पट्टा दिसतो. म्हणून आम्ही तुम्हाला सारखं ‘अर्धा इंच तिकडं’ करतो, कंटाळू नका. सुती साडी किंवा इरकल बसली की चुरगळते, तिचे उभे फोटो आधी घेतो. सेफ्टी पिना डझनभर आणा आणि खांद्याची पीन आतून लावा, वरून लावलेली चमकते. ब्लाउज दोन वर्षांपूर्वीचा असेल तर आदल्या दिवशी एकदा घालून बघा. ऐन वेळी बाहीची शिवण उसवायला आमच्याकडे कात्री आहे, पण तो प्रसंग कुणालाच नको असतो.

दागिने थोडे घाला. कोल्हापुरी साज घालणार असाल तर मग गळ्यात दुसरं काही नको. साज आणि वर चपलाहार, मोहनमाळ असं केलं की कशाकडेच नजर ठरत नाही. साजाची पानं उलटी होतात आणि मंगळसूत्राच्या वाट्या मानेकडं सरकतात, ते बघायला सोबत एक बाईमाणूस असावं. आम्ही कॅमेऱ्यातून बघतो ते चेहऱ्याकडं, वाट्यांकडं उशिरा लक्ष जातं. चापाची नथ हसलं की घसरते, एखादं वेळी चहात पडते. दागिने तुमच्याच पर्समध्ये आणि पर्स तुमच्याच माणसाजवळ ठेवा.

फेशियल, केस, दाढी हे कधी करावं?

आदल्या दिवशी काहीही नवीन नको, एवढं ध्यानात ठेवा. फेशियल चार-पाच दिवस आधी. कातडीला लाली येते, कुणाकुणाला पुरळ उठतं, ते बसायला अवधी हवा. भुवया दोन दिवस आधी. केस आठवडाभर आधी कापा. नुकते कापले की मानेवर आणि कानांमागं उन्हं न लागलेल्या कातडीची फिकट पट्टी दिसते. केसांना डाय करणाऱ्यांनी तीन-चार दिवस आधी करावा. कपाळाच्या कडेला लागलेला काळा डाग फोटोत डोळ्यांच्याही आधी दिसतो.

दाढी त्याच दिवशी सकाळी. ज्यांना वस्तऱ्यानं नेहमी कापतं त्यांनी आदल्या रात्री. डोक्याला तेल चापून येऊ नका. घरात हळदीचा कार्यक्रम असेल तर फोटो त्याच्या आधी उरका किंवा तीन-चार दिवसांनी या. गालावर राहिलेला पिवळेपणा साबणानं जात नाही आणि कॅमेरा तो वाढवून दाखवतो.

मेकअप करावा का?

नेहमी करत असाल तर करा, तेवढाच. चकचकीत नको. फाउंडेशन गळ्याच्या रंगाशी जुळू दे. सनस्क्रीन लावून येऊ नका. त्यातल्या झिंक किंवा टायटॅनियममुळं फ्लॅशमध्ये चेहरा कधी कधी पांढुरका पडतो. पुरुषांनाही आम्ही कपाळावर आणि नाकावर बिनरंगी पावडरचा हात फिरवतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. घरून टाल्कम पावडर थापून मात्र येऊ नये.

रंग थोडा उजळ करून द्याल का?

नाही.

इतकं तोडून उत्तर दिल्याबद्दल माफ करा. पण हा प्रश्न स्थळाच्या फोटोच्या वेळी दर आठवड्याला येतो आणि बहुतेक वेळा मुलगी शेजारी बसलेली असताना, तिच्या देखत, तिच्याच घरच्यांकडून येतो. तिचा चेहरा पडतो आणि पडलेल्या चेहऱ्याचा चांगला फोटो निघत नाही. शिवाय व्यवहार बघा. पंधरा दिवसांनी कांदेपोह्यांचा कार्यक्रम होणारच आहे. समोरचे लोक फोटो बघून आलेले असणार, आणि दार उघडताच त्यांच्या मनात पहिला शब्द ‘फसवणूक’ हा यायला नको.

आमचा रिटचिंगचा, म्हणजे काढलेला फोटो कॉम्प्युटरवर दुरुस्त करण्याचा, नियम साधा आहे: जे पंधरा दिवसांत आपोआप जाणार ते आम्ही काढतो, जे राहणार ते ठेवतो. पुटकुळी, वस्तऱ्याची जखम, जागरणाची काळी वर्तुळं काढतो किंवा सौम्य करतो. तीळ, व्रण, गालावरची खळी, सुरकुत्या ठेवतो. उजेड योग्य दिला की सावळा रंग इतका सुंदर दिसतो की प्रश्न विचारणारेच मागाहून गप्प होतात. ते काम आमचं, आणि ते आम्ही कॅमेऱ्यात करतो, कॉम्प्युटरवर नाही.

स्थळासाठी किती फोटो लागतात?

तीन पुरतात: एक चेहरा, एक पूर्ण उंचीचा, एक घरातल्यासारखा. तिसऱ्यासाठी रोजचा कुर्ता किंवा टीशर्ट आणा. नंतर कळवणारे बरेच जण सांगतात की बोलणी त्या तिसऱ्या फोटोवरून पुढं गेली.

चष्मा काढायचा की ठेवायचा?

रोज लावत असाल तर ठेवा.

एका घरच्या मुली आपल्या आईला घेऊन आल्या होत्या, ऐंशीच्या पुढच्या आजी. मुलींनी हौसेनं चष्मा काढायला लावला, “चकाकतो, वाईट दिसतो” म्हणून. आजींना चष्म्याशिवाय काहीच दिसत नव्हतं. त्या माझ्या आवाजाच्या दिशेनं बघत होत्या आणि नाकावर चष्म्याच्या पॅडचे दोन खोल लालसर खड्डे तेवढे उठून दिसत होते. फोटो पडद्यावर आला तसं सोबतचं पाच वर्षांचं पोरगं म्हणालं, “ही कोण?” चष्मा परत नाकावर आला. तेव्हापासून मी या बाबतीत घरच्यांचं ऐकत नाही.

चकाकी टाळता येते. काड्या कानावरून किंचित वर उचलल्या की काचा खाली झुकतात आणि फ्लॅश कॅमेऱ्यात येत नाही. आम्ही दिवा थोडा वर घेतो. काचा पुसून मात्र या. तुमच्याकडं त्याच फ्रेमचा जुना चष्मा असेल तर चष्म्याच्या दुकानातून काचा काढून घ्या आणि मोकळी फ्रेम आणा. उन्हात काळ्या होणाऱ्या काचा असतील तर दहा मिनिटं आधी येऊन आत बसा, त्या निवळतात. बाहेरच्या शूटला अशा काचा नकोतच.

मी फोटोत कधीच चांगला येत नाही. काय करू?

हे सांगणारे दिवसाला चार जण असतात आणि चौघांनाही वाटतं की आपण एकटेच. यामागं दोन साधी कारणं आहेत. एक, स्वतःला तुम्ही रोज आरशात बघता आणि आरसा उलटं दाखवतो. डावीकडचा भांग तिथं तुमच्या डावीकडंच राहतो, फोटोत तो समोरच्याला दिसतो तसा, दुसऱ्या बाजूला जातो. कुणाचाही चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो, त्यामुळं आपला खरा चेहरा आपल्यालाच परका वाटतो. तुमच्या बायकोला विचारा, तिला तो बरोबर वाटेल.

दुसरं कारण सेल्फी. हाताच्या अंतरावरून फोटो काढला की नाक लेन्सच्या फार जवळ आणि कान त्या मानानं लांब असतात, म्हणून नाक मोठं आणि चेहरा निमुळता दिसतो. आम्ही दोन मीटर मागं उभं राहून ८५ मिलिमीटरची लेन्स वापरतो. नाक आपोआप जागेवर येतं.

डोळे मिटत असतील तर ते आधी सांगा. आम्ही ‘डोळे मिटा’ म्हणतो, तीनपर्यंत मोजतो, तिसऱ्याला उघडायचे. हमखास उपाय आहे. हातांचं काय करायचं, हनुवटी किती खाली, हे सगळं आम्ही सांगतो. घरी आरशासमोर पोझ पाठ करून येऊ नका. पाठ केलेलं हसू पहिल्या फोटोत ठीक दिसतं, दहाव्यात गालाची पेशी थरथरायला लागते.

हसायचं की गंभीर राहायचं?

दोन्ही काढतो. जुन्या फोटोतली माणसं गंभीर दिसतात त्यामागं तंत्राची अडचणही होती. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ साली. त्या काळात एका फोटोसाठी कित्येक सेकंद निश्चल बसावं लागे आणि तेवढा वेळ हसू टिकवणं जमत नसे. आता स्टुडिओचा फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास चमकून जातो. हसायचंच असेल तर सोबत हसवणारा माणूस आणा. माझे विनोद आमच्या घरी चालत नाहीत.

वकिलांसाठी काही वेगळं?

ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, तेव्हापासून हा प्रश्न वाढलाय. काळा कोट आणि गळ्यातला पांढरा बँड ही जोडी कॅमेऱ्याला अवघड जाते: कोटाचा पोत दाखवावा तर बँड जळतो, म्हणजे नुसता पांढरा होतो, बँड सांभाळावा तर कोट नुसता काळा ठिपका होतो. ते आम्ही सांभाळतो. तुम्ही एवढंच करा की बँड धुतलेला, खळ दिलेला आणा आणि कोटावर कपड्यांचा ब्रश मारा. काळ्यावर एक-एक पांढरा धागा मोजता येतो.

फ्लेक्ससाठी फोटो हवा आहे.

पांढरा सदरा आणि मागं पांढरी भिंत, हा तो नेहमीचा घोटाळा. फ्लेक्स करणारा माणूस कापून घ्यायला बसतो आणि खांदा भिंतीत विरघळतो. आम्ही राखाडी पडद्यावर काढतो. सदरा कडक इस्त्रीचा हवा, नमस्कारात हात वर आले की कडा दिसतात. तीन फोटो लागतात: नमस्कार, हात उंचावलेला, आणि नुसता चेहरा, जो वाढदिवसाच्या बोर्डवर कोपऱ्यातल्या गोलात जातो. फाइल किती मोठी, याची काळजी करू नका. दहा बाय वीस फुटांचा बोर्ड लांबून बघायचा असतो, त्याला पुस्तकाइतकी बारकाई लागत नाही. मनगटावर घड्याळ ठेवायचं की काढायचं, हे पक्ष बघून तुमचं तुम्ही ठरवा.

पैलवानाचा गदेसोबतचा फोटो काढता का?

काढतो आणि मनापासून काढतो. गदा स्वतःची आणा, आमच्याकडं भाड्याची नाही आणि भाड्याची गदा हातात धरलेली लगेच ओळखू येते. येण्याआधी दोन तास जड जेवण नको. शूट सुरू व्हायच्या आधी इथंच पाच-दहा मिनिटं जोर-बैठका मारा. अंगात रक्त खेळलं की दंड, छाती, मांडी उठून दिसतात आणि आलेला थोडा घाम फोटोला चांगला असतो. तेल बेतानं. तळहाताला लावून दंडावर फिरवायचं, ओतायचं नाही, नाहीतर अंगावर दिव्यांचे पांढरे डाग पडतात. तांबडी माती आणायची तर डब्यात आणा आणि सतरंजी आम्ही अंथरतो.

एका पैलवानाचे वडील रिटचिंगच्या वेळी हळूच म्हणाले, कान तेवढे सरळ करा, स्थळं यायला लागलीत. पोरगं मागंच उभं होतं. ते म्हणालं, “आण्णा, कान मोडायला सहा वर्षं लागली.” कान तसेच राहिले. पंधरा दिवसांच्या नियमात ते बसतातच.

बाळाचा फोटो कितव्या महिन्यात काढावा?

पहिला जन्मल्यावर पंधरवड्याच्या आत, तेव्हा बाळ गाढ झोपतं आणि कसंही ठेवलं तरी चालतं. पण बाळंतीण सव्वा महिना घराबाहेर पडत नाही, तेव्हा त्या घरी आम्हीच येतो. फक्त खिडकीजवळची एक जागा मोकळी करा आणि पंखा बंद ठेवा. दुसरा, बाळ आधाराशिवाय बसू लागलं की. साधारण सातव्या-आठव्या महिन्यात.

झोप आणि दूध झाल्यावर जी वेळ येते ती शूटची वेळ. आमच्या सोयीची वेळ विचारू नका, बाळाची सांगा. मोबाइलवर गाणी लावू नका, नजर तिकडं चिकटते ती सुटत नाही. आणि खोलीत एकाच माणसानं हाक मारावी. आई, आजी, आत्या, मामा सगळे चार दिशांनी ‘इकडं बघ, इकडं बघ’ करतात आणि बाळ छताकडं बघतं.

तीट पुसावी का, असं विचारतात. नका पुसू. पुसली तरी आजी मागून येऊन परत लावते, आणि वीस वर्षांनी तो फोटो बघताना गालावरचा तो काळा ठिपकाच आधी बघितला जाईल.

आई-वडिलांचा चांगला फोटो काढायचाय, पण ते तयार होत नाहीत.

या प्रश्नावर जरा सविस्तर लिहितो, कारण आमच्याकडं येणारं सगळ्यात जड काम याच्याशी जोडलेलं आहे. कुणी गेलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरचं एखादं माणूस येतं. मोबाइल पुढं करतं. लग्नातला ग्रुप फोटो, शेवटच्या रांगेत वडील, निम्मा चेहरा कुणाच्या तरी फेट्याआड, तोंडात घास. “यातला मोठा करून द्या, हार घालायला.” आम्ही करतो. रात्री बसून खांदा दुसऱ्या फोटोतून, कॉलर तिसऱ्यातून जोडतो. पण तो त्यांचा चेहरा राहत नाही, हे घरच्यांनाही कळतं आणि आम्हालाही. ज्या माणसानं चाळीस वर्षं घर चालवलं त्याचा एक धड फोटो घरात नसतो. मुलांचे हजारो असतात.

आता आई-वडील ‘आता कशाला फोटो, वय झालं’ म्हणतात, त्यामागं त्यांनाही हे हारांचं गणित दिसत असतं. म्हणून ‘तुमचा फोटो काढायचाय’ असं म्हणू नका. निमित्त काढा. लग्नाचा पन्नासावा वाढदिवस, पंचाहत्तरी, सहस्रचंद्रदर्शन. एक हजार पौर्णिमा पूर्ण व्हायला ८१ वर्षांना थोडे महिने कमी लागतात, तेव्हा तोवर थांबायचं कारण नाही. सगळ्यात चालणारं निमित्त म्हणजे नातवंडं: आधी नातवासोबत काढायचा, मग नातू पळाला की खुर्चीवर एकट्या बसलेल्या आजींचा.

सकाळची वेळ घ्या, औषध आणि नाश्ता झाल्यावर. कवळी असेल तर लावून आणा, तिच्यामुळं ओठांची ठेवण बदलते. श्रवणयंत्र काढू नका, नाहीतर माझं बोलणं ऐकायला मान पुढं येते. जिना चढावा लागत नाही, खुर्ची हाताची आहे. टोपी, उपरणं, काठी, जे रोजचं असेल ते आणा. एका आजोबांनी सुनेचं ऐकून नवा जोधपुरी घातला आणि अर्धा तास कुणी दाबून बसवल्यासारखे बसले. घरी निघताना त्यांनी कोट काढला, धोतर-सदऱ्यावर टोपी ठेवली आणि दाराशी चप्पल घालायला वाकून वर बघितलं. मी तो फोटो घेतला. घरच्यांनी तोच मोठा केला.

आणि सुरकुत्या काढायला सांगू नका.

पूर्ण कुटुंबाचा फोटो असेल तर रंगसंगती कशी ठेवावी?

सगळ्यांनी एकाच रंगाचे टीशर्ट घालायची टूम आली आहे. सहलीचा फोटो वाटतो. त्यापेक्षा दोन-तीन जवळचे रंग ठरवा आणि ज्याला जे शोभतं ते घालू दे. मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांना आम्हाला दिलेल्या वेळेच्या एक तास आधीची वेळ सांगा, हे अनुभवाचं. माणसं जितकी जास्त तितके कुणाचे तरी डोळे मिटलेले, म्हणून पंधरा जणांच्या फोटोला आम्ही वीस-पंचवीस वेळा बटण दाबतो. ‘झालं की आता’ म्हणू नका.

स्टुडिओबाहेर, रंकाळ्यावर किंवा पंचगंगेच्या घाटावर काढता का?

काढतो. ज्या गावात अंबाबाईच्या मूर्तीवर मावळतीची किरणं पडतात तो किरणोत्सव बघायला माणसं जीव टाकतात, तिथं मावळतीच्या उन्हाची किंमत वेगळी सांगायला नको. रंकाळ्याच्या चौपाटीच्या बाजूला उभं राहिलं की सूर्य तळ्यापलीकडं उतरतो, आणि शेवटचा पाऊण तास उजेड चेहऱ्यावर आडवा, मऊ येतो. म्हणून संध्याकाळचं शूट असेल तर उशीर करू नका. स्टुडिओतला दिवा तुमच्यासाठी थांबतो, सूर्य थांबत नाही. रविवार टाळा, मागं भेळेच्या गाड्या आणि अनोळखी पन्नास चेहरे येतात. पावसाळ्यात घाटाचा बेत नको, नदी कधी पायऱ्या झाकेल सांगता येत नाही. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूंवर ट्रायपॉड लावायला परवानगी लागते. तिथं काढायचं असेल तर काही आठवडे आधी सांगा.

पासपोर्ट-व्हिसाच्या फोटोसाठी काय तयारी?

पासपोर्टसाठी बहुतेकांना फोटोच लागत नाही, पासपोर्ट सेवा केंद्रात तिथंच काढतात. चार वर्षांखालच्या मुलाचा मात्र न्यावा लागतो: साडेचार बाय साडेतीन सेंटिमीटर, पांढरी पार्श्वभूमी. अमेरिकेच्या व्हिसाला दोन बाय दोन इंच, पांढरी पार्श्वभूमी, गेल्या सहा महिन्यांतला, आणि तिथं चष्मा चालत नाही. पांढरा शर्ट घालून येऊ नका.

शूटला किती वेळ लागतो? उशीर झाला तर?

एकट्याचा पोर्ट्रेट पाऊण तास, त्यातली पहिली दहा मिनिटं वायाच जातात आणि जाऊ दे; तोवर माणूस सैल होतो. पुढचं बुकिंग असल्यामुळं झालेला उशीर तुमच्या वेळेतून जातो. तारीख बदलायची असेल तर एक दिवस आधी कळवा. सुतक, आजारपण, परीक्षेची बदललेली तारीख यांना हा नियम नाही, नुसता फोन करा. आगाऊ रक्कम पुढच्या तारखेला धरतो.

काढलेले सगळे फोटो का देत नाही? निदान रॉ फाइल तरी द्या.

पोर्ट्रेटला शंभरेक फोटो निघतात, त्यातले अर्धे पापणी लवण्याच्या आधीचे आणि नंतरचे. ते बघून तुमचाच हिरमोड होतो. वीस-पंचवीस निवडून दाखवतो, त्यातले ठरलेले तुम्ही घेता. रॉ फाइल म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेली, काहीच काम न केलेली फाइल, मळलेली कणीकच. ती घरी नेऊन कुणी खात नाही, आणि दुसऱ्यानं भाजली तर नाव आमचं जातं.

फोटोचे हक्क कुणाचे?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणं, पैसे देऊन स्वतःसाठी काढवून घेतलेल्या पोर्ट्रेटचा हक्क, वेगळा करार नसेल तर, काढवून घेणाऱ्याचा असतो. म्हणजे तुमचा. कंपनीनं पैसे भरले असतील तर कंपनीचा. नोकरी बदलताना तोच फोटो वापरायचा असेल तर आधी विचारून घ्या. आमच्या काचेच्या शोकेसमध्ये किंवा ऑनलाइन तुमचा फोटो लावण्याआधी आम्ही लेखी संमती घेतो. नाही म्हटलंत तर विषय तिथंच संपला.

फोटो व्हॉट्सॲपवर पाठवाल का?

पाठवू, पण डॉक्युमेंट म्हणून. साधा फोटो म्हणून पाठवला की तो आक्रसतो. मोबाइलवर बरा दिसतो, फ्रेम करायला गेलात की फुटतो. आठ बाय बारा इंचाच्या स्वच्छ प्रिंटला साधारण २४०० बाय ३६०० पिक्सेल हवेत. तयार फोटोची पूर्ण आकाराची फाइल पेनड्राइव्हवर घ्या आणि दोन ठिकाणी ठेवा. आम्ही एक वर्ष जपतो, पुढं आमचीही हार्ड डिस्क भरते.

निघण्याआधी शेवटचं काय बघू?

खिसे. मोबाइल, किल्ल्या, पाकीट, तंबाखूची पुडी, सगळं सोबतच्या माणसाकडं द्या, मांडीवर चौकोनी फुगवटा दिसतो. मनगटावरचा केसांचा रबर काढा. मनगटातला दोरा ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा, आम्ही विचारणार नाही. पोटात काहीतरी असू दे. रात्री झोप झाली नसेल तर सकाळी फोन करून सांगा, दुसरी वेळ देतो. गाडी समोरच्या बोळात लावू नका, तिथले काका चिडतात.